दुसरा माणूस का मरतो?

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. विरारमधल्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सफाईसाठी कामगार उतरले. आधी उतरलेल्यांचा आवाज येईना, म्हणून मागचे उतरले. चौघेही गेले. त्याच दिवशी नगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावी, वापरात नसलेल्या एका विहिरीत मांजर पडलं. त्या विहिरीत बायोगॅसची मळी सोडलेली होती. मांजराला काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. आणखी एक जण उतरला होता, तो वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, वरच्या लोकांनी त्याला ओढून काढलं.

एक शहर, एक खेडं. एकीकडे मजुरीवर आलेली माणसं, दुसरीकडे मांजरासाठी धावलेले गावकरी. तरी घटनाक्रम अगदी सारखा. पहिल्याला धोका ठाऊक नव्हता, हे समजू शकतं. पण दुसऱ्याने पहिल्याला कोसळताना पाहिलेलं असतं. मग तो का उतरतो? आणि उतरल्यावर निदान उलट्या पावली वर का येऊ शकत नाही?

गटारं, मलवाहिन्या, सार्वजनिक शौचालयांच्या टाक्या, कचरा डेपो, पंपिंग स्टेशन आणि आग ही सगळी कामं महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या वाट्याला येतात. खासगी सोसायटीतल्या टाकीच्या सफाईवर देखरेख ठेवणंही शेवटी त्यांच्याच अंगावर येतं. प्रत्येक मृत्यूनंतर चौकशी होते, अहवाल तयार होतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गावात हुबेहूब तसाच अपघात होतो. खड्ड्यात काय घडतं हे विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही ते थांबत नाही, म्हणून खड्ड्याबरोबर चौकशीचं टेबलही तपासायला हवं.

झाकणाखालची हवा

घराघरांतून निघणाऱ्या सांडपाण्यात मैला असतो, अन्नाचे कण असतात, तेल आणि साबण असतो. हे सगळं साचून तळाशी गाळ बनतो. गाळाच्या आत हवा पोचत नाही. तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. त्यांतले काही पाण्यातल्या सल्फेट नावाच्या क्षारांवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू बाहेर टाकतात. कुजलेल्या अंड्याचा तो परिचित वास याच वायूचा. दुसरे जिवाणू मिथेन तयार करतात. मिथेनला वास नसतो, पण हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की एका ठिणगीने स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडा जड असल्यामुळे तळाकडे साचतो, म्हणजे नेमका माणूस जिथे वाकून काम करतो तिथे.

याच्या जोडीला ऑक्सिजन कमी होत जातो. आपण श्वास घेतो त्या हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला, तर त्या जागेत साध्या श्वासावर उतरू नये असा सुरक्षेचा नियम आहे. १६ टक्क्यांच्या खाली छातीची धडधड वाढते, विचार मंदावतो, हातापायांवरचा ताबा सैल होतो. १० टक्क्यांच्या खाली शुद्ध जाते. यातली सर्वांत घातक गोष्ट अशी की माणसाला गुदमरल्यासारखं वाटतच नाही. पाण्यात डोकं बुडवल्यावर जीव घाबरा होतो तो मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत उच्छ्वास नेहमीसारखा चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि शरीर धोक्याची घंटाच वाजवत नाही. माणूस बरा असतो आणि पुढच्या क्षणी पडलेला असतो.

अनुभवी कामगारसुद्धा एका ठिकाणी फसतो. झाकण तासभर उघडं ठेवलं, वरून हवा ठीक वाटली, मीटर लावून पाहिला तर तोही शांत. मग माणूस उतरतो आणि तुंबलेल्या गाळात बांबू खुपसतो. सोड्याची बाटली स्थिर असेपर्यंत आतला वायू पाण्यात विरघळून गप्प असतो. ती हलवून उघडली की तो एकदम उसळतो. गाळाचंही तसंच आहे. त्यात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड गाळ ढवळल्याबरोबर माणसाच्या तोंडावर येतो. म्हणून उतरण्यापूर्वी एकदा केलेली तपासणी पुरत नाही. वायू मोजणारा मीटर काम चालू असेपर्यंत माणसाच्या छातीवर असावा लागतो.

नाकावर भरवसा का ठेवू नये

"वास येतोय तोवर सांभाळून, वास गेला की उतरायला हरकत नाही," असा समज जागोजागी आहे. तो जीवघेणा आहे.

वायूचं प्रमाण दहा लाख भागांत किती भाग, असं मोजतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास आपल्या नाकाला एका भागापेक्षाही कमी प्रमाणात कळतो. त्याबाबत नाक फार तीक्ष्ण आहे. पण प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वास घेणारी मज्जातंतूंची यंत्रणाच बधिर होते. वास नाहीसा होतो, वायू मात्र वाढत असतो. ५०० ते ७०० भागांना माणूस भेलकांडतो आणि काही मिनिटांत कोसळतो. १००० भागांच्या वर एखाद-दुसऱ्या श्वासात शुद्ध जाते आणि श्वास थांबतो.

हा वायू काम कसं करतो? आपल्या प्रत्येक पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी व्यवस्था असते. हायड्रोजन सल्फाइड त्या व्यवस्थेतल्या एका महत्त्वाच्या विकराला चिकटतो आणि ते काम बंद पाडतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पेशीपर्यंत पोचतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. सर्वांत आधी हतबल होतो तो मेंदूतला श्वास चालवणारा भाग.

नाकाची जागा घ्यायला काही जुन्या युक्त्या आहेत. पेटती काडी किंवा कंदील आत सोडून ज्योत विझते का ते बघतात. ज्योत विझायला ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो, म्हणजे माणसाची विचारशक्ती मंदावण्याच्या पातळीपर्यंत ज्योत जळतच राहते. हायड्रोजन सल्फाइडबद्दल ज्योत काहीच सांगत नाही आणि मिथेन असेल तर ती काडीच स्फोट घडवते. त्यापेक्षा जुन्या अभियांत्रिकी पुस्तकांतली शिशाच्या क्षारात भिजवलेल्या कागदाची चाचणी बरी होती. हायड्रोजन सल्फाइड लागला की तो कागद काळा पडतो. आज हातात मावणारे मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड एकाच वेळी मोजतात आणि धोका दिसताच ओरडतात. एका वॉर्डाला असा मीटर परवडत नाही, असं कोणतीही महानगरपालिका म्हणू शकणार नाही.

वाचवायला जाणारा

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंबद्दल एक इशारा प्रसिद्ध केला होता. त्यात म्हटलं होतं की अशा ठिकाणी मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसं वाचवायला गेलेली असतात. पहिल्या बळीपेक्षा वाचवणारेच जास्त.

यामागची कारणं समजली की दुसऱ्या माणसाचं वागणं मूर्खपणाचं वाटेनासं होतं. वरून पाहणाऱ्याला वायू दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की आपला माणूस पाय घसरून पडला किंवा त्याला चक्कर आली. आत पडलेला माणूस बहुतेक वेळा भाऊ असतो, मेहुणा असतो, निदान एकाच वस्तीतला, एकाच गावाहून आलेला असतो. विचार करायला वेळ नसतो. तो घाईने उतरतो आणि जिवाच्या आकांताने धापा टाकत असतो, त्यामुळे पहिल्यापेक्षा जास्त विषारी हवा ओढून घेतो. पहिला तळाशी पडलेला असतो, म्हणून याला थेट तळाशी वाकावं लागतं. तिथे वायू सर्वांत दाट असतो आणि पहिल्याच्या पडण्याने गाळही ढवळलेला असतो. तोंडाला बांधलेला ओला फडका यातलं काहीही अडवत नाही. बाजारातला धुळीचा मास्कही नाही. हवेत नसलेला ऑक्सिजन कोणताही फडका निर्माण करू शकत नाही.

कोळिकोडला २०१५ साली दोन कामगार मॅनहोलमध्ये अडकले, तेव्हा त्यांच्यासाठी रस्त्यावरचा एक रिक्षाचालक आत उतरला. तिघेही गेले. त्या माणसाच्या धैर्याला सगळ्या केरळाने मान दिला आणि तो योग्यच होता. पण त्याला उतरावं लागलं, याचा अर्थ तिथे वाचवण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था अवघड नाही. उतरणाऱ्याच्या अंगात खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पट्टे असलेला सुरक्षा पट्टा असतो. त्याचा दोर मॅनहोलवर उभ्या केलेल्या तिवईच्या कप्पीवरून जातो. वर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला असतो आणि काहीही झालं तरी आत उतरायचं नाही, हेच त्याचं काम असतं. आतल्याचा आवाज थांबला की तो हँडल फिरवून त्याला वर ओढतो. मलवाहिनीत उतरताना घ्यायच्या काळजीचं भारतीय मानक १९८७ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांनुसार, अपवाद म्हणून माणूस उतरवायचाच असेल तर लेखी परवानगी लागते. किमान तीन कर्मचारी हजर हवेत, त्यांतला एक पर्यवेक्षक. आधी हवेची तपासणी हवी आणि सलग ९० मिनिटांपेक्षा जास्त काम नको.

म्हणून अपघाताच्या चौकशीत मृतांची संख्या हाच पहिला पुरावा मानायला हवा. एक माणूस गेला तर चूक कुठे झाली हे शोधावं लागेल. दोन किंवा अधिक गेले असतील, तर वर तिवई नव्हती, दोर नव्हता आणि शिकवलेला माणूस नव्हता, हे जवळजवळ सिद्धच झालेलं असतं.

चौकशी कुठे थांबते

मृत्यूनंतरची वाट ठरलेली आहे. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदनाच्या कागदावर 'गुदमरून मृत्यू' असं येतं. कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. पालिकेचं खातं आपला अहवाल लिहितं आणि त्यात फार वेळा एक वाक्य सापडतं: सुरक्षा साधने पुरवली होती, परंतु कामगाराने वापरली नाहीत.

हे वाक्य शेवटचं ठरतं, ते खरं म्हणजे पहिलं असायला हवं. कामगाराने साधनं वापरली नाहीत, का? समजा, मॅनहोलचं तोंड जेमतेम दोन फुटांचं आहे आणि पाठीवर सिलिंडर घेऊन त्यातून उतरता येत नाही. मग लांब नळीने हवा पुरवणारा मुखवटा का नव्हता? कारण टेंडरमध्ये 'सुरक्षा साधने' एवढाच शब्द होता, कोणती ते लिहिलेलं नव्हतं. का नव्हतं? कारण जुन्या टेंडरची नक्कल करून नवं काढलं. माणूस उतरवण्याची वेळच का आली? कारण सक्शन गाडी त्या गल्लीत शिरत नाही आणि लहान गाडीची मागणी दोन अर्थसंकल्प पुढे ढकलली गेली. चार वेळा 'का' विचारल्यावर बोट मृताकडून निघून एका फायलीपर्यंत पोचतं. टोयोटा कंपनीच्या कारखान्यांत बिघाड शोधायला लागोपाठ पाच वेळा 'का' विचारण्याची रीत प्रसिद्ध आहे. ती वापरायला तज्ज्ञ लागत नाही. लागते ती उत्तर वरच्या टेबलाकडे गेलं तरी लिहून ठेवण्याची तयारी.

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मानतात. सर्वांत वर धोकाच काढून टाकणं: माणूस आत उतरवायचाच नाही. त्याखाली धोक्याच्या पद्धतीऐवजी कमी धोक्याची पद्धत. मग यंत्रं आणि बांधकामातले बदल, जसं मोठ्या तोंडाचे चेंबर आणि हवा खेळवणारे पंखे. मग नियम, परवानगी, प्रशिक्षण. आणि सर्वांत खाली हातमोजे, गमबूट, मुखवटा. अंगावरची साधनं तळाला असण्याचं कारण सोपं आहे. ती एकट्या कामगारावर अवलंबून असतात, रोज, प्रत्येक वेळी, उकाड्यात आणि चिखलातही. ज्या अहवालाच्या शिफारशी फक्त हातमोज्यांपाशी संपतात, त्याने उतरंडीची सर्वांत खालची पायरी उचललेली असते आणि वरच्या चारांना हात लावलेला नसतो.

कायदा या बाबतीत मागे नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध आधी १९९३ चा कायदा झाला. मग २०१३ च्या कायद्याने मलवाहिनी आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई करून घेणं हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत २०१९ साली तिघे सेप्टिक टाकीत गेले, तेव्हा जागा खासगी होती, ही सबब चालली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या कुटुंबांना भरपाई द्यायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं.

नोंदवहीत नसलेली माणसं

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत मलवाहिन्या आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईत देशात ३७७ माणसं मेली. यातल्या २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंचा सामाजिक लेखाजोखा सरकारनेच करून घेतला आणि जुलै २०२५ मध्ये तो संसदेपुढे आला. तो वाचताना अंगावर काटा येतो. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतंही सुरक्षा साधन नव्हतं. ४७ प्रकरणांत यंत्र किंवा साधन उपलब्धच करून दिलेलं नव्हतं. आवश्यक ते प्रशिक्षण दिल्याचं एकाच प्रकरणात आढळलं. 'साधने पुरवली होती, वापरली नाहीत' या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट त्यातून दिसते. मेलेल्यांपैकी बहुतेकांना कुणीतरी वैयक्तिकरीत्या कामावर बोलावलेलं होतं. सरकारी किंवा पालिकेच्या पटावरचे थोडेच. पालिकांच्या अपघातांचे आकडे कमी दिसण्याचं हे मोठं कारण आहे. काम पालिकेचं, रस्ता पालिकेचा, पण माणूस कंत्राटदाराचा, त्याच्याही खालच्या पोटकंत्राटदाराचा किंवा नाक्यावरून उचललेला. तो मेला तर पालिकेच्या नोंदवहीत 'कर्मचारी अपघात' म्हणून काहीच उमटत नाही. ज्या अपघाताची नोंद नाही, त्याचा आढावाही होत नाही. कंत्राटी सफाई कामगार पालिकेचेच आहेत, हे मान्य करवून घ्यायला मुंबईतल्या सुमारे २,७०० कामगारांना कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षं लढावं लागलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला.

कायद्यांतही भेगा होत्या. १९४८ चा कारखाने कायदा अपघात कळवण्याची सक्ती करत होता: जखमी कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तरी कळवायचं. पण रस्ता आणि गटार हा कारखाना नव्हे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात मलवाहिनी आणि अग्निशमन दल दोन्ही होती, पण तो कायदा भरपाईचा, प्रतिबंधाचा नव्हे. २०१६ च्या घनकचरा नियमांत एक चांगली तरतूद होती. कचरा प्रक्रिया केंद्रात किंवा डेपोवर अपघात झाला, तर तिथल्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात स्थानिक संस्थेला कळवायचं आणि संस्थेने त्याचा आढावा घेऊन सूचना द्यायच्या. आढावा हा शब्दच नियमात आला होता. मात्र तो डेपोच्या फाटकापर्यंतच, रस्त्यावरच्या झाडूवाल्याला आणि गाडीमागे लटकणाऱ्या कामगाराला त्याचा उपयोग नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामाच्या सुरक्षेच्या नव्या केंद्रीय संहितेत अपघात कळवण्याची आणि सुरक्षा समित्यांची तरतूद आहे. पालिकांनी ती कंत्राटी माणसांसह राबवली तर ही भेग बुजू शकेल.

महाराष्ट्रात आणखी एक व्यवस्था आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ज्या कुटुंबांना दुसरं कुणी काम देत नव्हतं, त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे आणि तो टिकायलाच हवा. पण याचा अर्थ असाही होतो, की बापाने ज्या परिस्थितीत काम केलं तीच मुलाच्या वाट्याला येते. म्हणून कामाची पद्धत बदलण्याची निकड इथे अधिक आहे.

कुणी मेलं नाही तेव्हा

१९३१ साली हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकी विमा अधिकाऱ्याने हजारो अपघातांचे कागद तपासून एक त्रिकोण मांडला. एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० असे प्रसंग, ज्यांत कुणाला काही झालं नाही. हे नेमके आकडे आज कुणी धरून बसत नाही, त्यांवर पुष्कळ टीका झाली आहे. त्याने दाखवलेली दिशा मात्र उपयोगी आहे. मोठ्या अपघाताच्या आधी छोटे इशारे मिळालेले असतात.

पालिकेच्या कोणत्याही हजेरी चौकीत बसून ऐकलं तर हे इशारे सापडतील. मॅनहोलजवळ डोकं गरगरलं म्हणून एक जण बाजूला बसला. ओल्या कचऱ्यात इंजेक्शनची सुई टोचली. कॉम्पॅक्टरच्या मागच्या पायरीवरून पाय निसटला, पण हात धरून लटकला. पहाटे झाडताना दुचाकी अंगावरून घासून गेली. हे सगळं 'थोडक्यात वाचलो' म्हणून चहाबरोबर सांगितलं जातं आणि तिथेच विरून जातं. मुकादम लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्याच्यावरच ठपका येईल अशी भीती. कामगार सांगत नाही, कारण कंत्राटी असेल तर उद्या कामावरून कमी केलं जाईल. ज्या व्यवस्थेत सांगणाऱ्यालाच शिक्षा होते, तिथे आढावा घ्यायला हाताशी काहीच उरत नाही. आणि नेमके हेच प्रसंग सर्वांत मौल्यवान असतात, कारण त्यांतला माणूस जिवंत असतो आणि काय झालं ते स्वतः सांगू शकतो.

अग्निशमन दलात निदान स्मरणाची परंपरा आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले. दरवर्षी त्याच दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गमावले. दलाने आपल्या माणसांची नावं जपली आहेत. मलवाहिन्यांत गेलेल्यांचा असा एक दिवसही नाही.

यंत्र आलं, पुढे काय

कोळिकोडच्या त्या घटनेनंतर केरळातल्या काही तरुण अभियंत्यांनी मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढणारा 'बँडिकूट' हा रोबो तयार केला. २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला तो कामाला लागला आणि पुढे अनेक शहरांनी घेतला. एका अपघातातून उतरंडीची सर्वांत वरची पायरी गाठता येते, याचं हे ठळक उदाहरण. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सगळ्या शहरांतली ही सफाई पूर्णपणे यंत्रांनी करण्याची घोषणा झाली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत माणसाकडून मलवाहिन्यांची सफाई बंद करण्याचा आदेश दिला.

तरी माणूस आत का जातो? जेटिंग गाडी अरुंद गल्लीत शिरत नाही. गाळात बांधकामाचं सिमेंट, प्लास्टिक, कपडे अडकलेले असतात आणि ते पाण्याच्या झोताने निघत नाहीत. यंत्र बिघडलेलं असतं आणि पावसाळा तोंडावर असतो. सोसायटीच्या सचिवाला गाडीचं भाडं मजुरीपेक्षा महाग वाटतं. या कारणांना वेगवेगळी उत्तरं आहेत: लहान गाड्या, बांधकामाचा राडारोडा गटारात टाकणाऱ्यावर दंड, वेळेवर दुरुस्ती, सोसायट्यांना परवडेल अशा दरात पालिकेची गाडी. यांतलं एकही उत्तर कामगाराच्या हातात नाही.

चौकट: टाकी किंवा मॅनहोल उघडण्यापूर्वी

• माणूस आत उतरवू नका. यंत्राने काम होत नसेल तर पालिकेला कळवा. मलवाहिनी व सेप्टिक टाकीच्या आपत्कालीन मदतीसाठी १४४२० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.
• वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका. काडी किंवा मेणबत्ती पेटवून पाहू नका.
• आत कुणी पडलं तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा आणि 'बंदिस्त जागेत माणूस बेशुद्ध' असं स्पष्ट सांगा. पंखा किंवा ब्लोअर असेल तर ताजी हवा आत सोडा, दोर असेल तर वरूनच ओढा.
• सफाईचं काम घ्यायला आलेल्या ठेकेदाराला विचारा: वायू मोजणारा मीटर, तिवई आणि सुरक्षा पट्टा आहे का? तिन्हींपैकी एक जरी नसेल तर त्याला परत पाठवा.

पालिकांकडून काय मागायचं

पहिली मागणी अशी, की पालिकेच्या हद्दीत, पालिकेच्या कामावर जखमी झालेला किंवा मेलेला प्रत्येक माणूस एकाच नोंदवहीत यावा. तो कायम असो, कंत्राटी असो की रोजंदारीवरचा असो. दुसरी, 'थोडक्यात वाचलो' असे प्रसंग सांगणाऱ्याचं नाव न विचारता लिहून घ्यावेत. तिसरी, प्रत्येक मृत्यूनंतरचा अहवाल तीन महिन्यांत लोकांपुढे ठेवावा आणि त्यात कुणाचा दोष यापेक्षा कोणता निर्णय बदलला हे लिहिलेलं असावं: कोणतं टेंडर, कोणतं यंत्र, कोणती परवानगी. चौथी, आढावा समितीत प्रत्यक्ष मॅनहोलवर काम केलेला किमान एक कामगार असावा, कारण गाडी गल्लीत शिरत नाही हे सगळ्यांत आधी त्यालाच कळतं.

वाचकांनी आपल्या नगरसेवकाला, नगराध्यक्षाला किंवा सरपंचाला एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी आपल्या हद्दीत सफाई कामगारांचे किती अपघात आणि किती थोडक्यात टळलेले प्रसंग नोंदवले गेले? उत्तर 'शून्य' असं आलं, तर नोंदवही दाखवायला सांगावी.